कासवाची ढाल

शुक्रवारी सकाळी सव्वासातला अप्पांनी कासवावरचं फडकं उचललं आणि घरात अशी आरोळी उठली, की सून तोंडातला ब्रश तसाच घेऊन धावत आली.

सासऱ्यांच्या खोलीच्या दारात तिची मुलगी तिच्याआधीच पोचली होती. एका पायात मोजा, दुसरा हातात. सहा वर्षांची खारू. हे नाव तिला अप्पांनीच दिलेलं, दिवसभर त्यांच्या मागेपुढे तुरुतुरु पळते म्हणून.

"कोणी केलं हे?" अप्पा विचारत होते. विचारत होते म्हणणंही चूकच, कारण उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. त्यांच्या तळहातावर केसांची पिवळी क्लिप होती.

कासव म्हणजे यान. अप्पांच्या तरुणपणी टीव्हीवर एक अंतराळातली मालिका लागायची, तिच्यातलं. गोल पाठ, आखूड चार पाय, पुढे काढलेलं तोंड. मालिकेतली माणसंही त्याला कासवच म्हणायची. फोरमन म्हणून कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अप्पांनी त्याची साडेतीन फुटी प्रतिकृती करायला घेतली, त्याला आता चार वर्षं झाली होती. प्रतिकृती म्हणजे तंतोतंत. स्टुडिओतल्या कारागिरांनी मूळ यानावर खेळण्यांच्या किटमधले तुकडे डकवले होते: रणगाड्याचं चाक, क्रेनची शिडी, असलं काहीबाही. अप्पांनी जुन्या फोटोंवर भिंग धरून त्यातला एकेक तुकडा ओळखला आणि मग तोच तुकडा हुडकून आणला.

मालिकेत यानाची उजवी बाजू कधी कॅमेऱ्यासमोर आलीच नाही, म्हणून स्टुडिओवाल्यांनी ती कोरी ठेवली होती. म्हणून अप्पांनीही ती कोरीच ठेवली. "तिथे मी एक खिडकी करू?" खारूनं शंभरदा विचारलं असेल. "मुळात नाही ते नाही," हे अप्पांचं शंभरदा उत्तर.

सगळ्यात दुर्मीळ होती पाठीवरची ढाल. पस्तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका पाणबुडीच्या किटमधलं ते झाकण. तीन वर्षं शोधल्यावर एकच मिळालं होतं. आतल्या दिव्यांच्या वायरींना हात पोचावा म्हणून ते चिकटवलेलं नव्हतं, चार बारीक चुंबकांवर बसायचं.

आता ते टेबलावर दोन तुकड्यांत पडलं होतं. आणि परवा, रविवारी, अशा प्रतिकृतींचं प्रदर्शन होतं.

"मी नाही केलं," खारू म्हणाली.

"मग ही क्लिप काय पायांनी चालत आली?"

"क्लिप तर दवाखान्यात होती."

"आणि हे बघ." अप्पांनी ढालीचा एक तुकडा सुनेच्या नाकासमोर धरला. खाचांमध्ये फिकट निळा चिकट लगदा अडकला होता. "च्युइंगम. तोडली ती तोडली, वर च्युइंगमनं जोडायला गेली. खोटं बोलायला कधी शिकली ही?"

"दातांच्या लॅबमध्ये काम करते मी, अप्पा. माझ्या घरात च्युइंगम येत नाही."

"शाळेत दिलं असेल कोणी," तिचा नवरा मागून म्हणाला. त्याला भांडण दिसलं की आंघोळ आठवायची. आताही खांद्यावर टॉवेल होताच. "लहान आहे, हात लागला असेल. खारू, सॉरी म्हण आणि संपव विषय."

"नाही केलं तर सॉरी कशाला?"

"या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

ती मुलीसमोर उकिडवी बसली. "खरं सांग मला. रागावणार नाही मी."

"नाही केलं."

"खरं सांग."

"नाही."

"खारू, खरं सांग."

तिसऱ्यांदा खारूनं उत्तर दिलं नाही. तिनं आईकडे फक्त पाहिलं. मग खाली बसून दुसरा मोजा घातला, आणि त्यानंतर शाळेच्या बसपर्यंत एक अवाक्षर बोलली नाही.

बस गेली तरी ती नजर गेली नाही. दोनदा विचारणं ठीक होतं, तिसऱ्यांदा का विचारलं आपण? सगळ्यांवरचा राग घेऊन ती जिना चढली आणि त्यातला मोठा वाटा स्वतःसाठी ठेवला.

अप्पा अंगणात जाऊन बसले होते. ती सरळ त्यांच्या खोलीत शिरली.

फळीवर रंगांच्या बाटल्या, ब्रश, भिंग. त्यांच्या शेजारी मापाच्या पुटीचे दोन डबे, एक पांढरा नि एक निळा. वर्षापूर्वी तिनंच ते लॅबमधून आणून दिले होते. दोन्हींतले सारखे गोळे घेऊन मळायचे, हव्या त्या वस्तूवर दाबायचे, पाच मिनिटांत त्याचं रबर होतं आणि वस्तूचा हुबेहूब साचा मिळतो. तोंडातली मापं अशीच घेतात. अप्पा त्यात बारीकसारीक बोल्टांचे साचे काढायचे. त्यांचे साचे नेहमी छान यायचे.

आणि अगदी वर, छताजवळ, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. हाच दवाखाना. खारूचं जे जे मोडायचं ते अप्पा त्यात भरती करायचे आणि सवडीनं दुरुस्त करायचे. तिनं स्टुलावर चढून डबा काढला. आत एक पाय नसलेला घोडा होता, बिनचाकाची गाडी होती. क्लिप नव्हती.

"अप्पा," तिनं अंगणात जाऊन विचारलं, "क्लिपची स्प्रिंग निसटली होती. बुधवारी तुमच्याकडे दिली होती ना तिनं?"

"दिली असेल. लक्षात नाही."

"दवाखान्यात ठेवली असणार तुम्ही. तो डबा मला स्टुलावर चढूनही जेमतेम लागला. तिचा हात पोचेल?"

"मुलं कुठेही पोचतात," अप्पा म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

परत खोलीत जाऊन तिनं दात कोरायच्या काडीनं तो निळा लगदा थोडासा काढला, कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला.

लॅबमध्ये त्या दिवशी आधीच वातावरण तापलेलं होतं. मुख्य बाई फोनवर कुठल्याशा डॉक्टरांची बिनपाण्याची करत होत्या.

"माप आहे का चिखल आहे हा, डॉक्टर? बोट लावलं तर बोटाला येतंय. अहो, त्या पिवळट रबरी हातमोज्यांनी पुटी मळू नका म्हणून किती वेळा सांगायचं? त्या रबरात गंधक असतं, ते लागलं की पुटी जन्मात बसत नाही. हो, निळे चालतात. उघडे हात तर चालतातच. कवळी माझ्याकडून वेळेवर हवी, आणि माप हे असं?"

फोन आपटून बाईंनी ते माप कचऱ्यात भिरकावलं. तिनं ते परत उचललं, बोटानं दाबलं. मग पर्समधला कागद उघडून शेजारी धरला.

फिकट निळा रंग तोच. चिकटपणाही तोच.

तिनं दुपारच्या सुट्टीत दिराला फोन लावला. हा धाकटा. त्याचा थ्रीडी प्रिंटिंगचा धंदा होता आणि कासवासाठी स्टँड त्यानंच छापून दिला होता.

"भावजी, काल घरी किती वाजता आलात?"

"साडेतीन. अप्पा झोपले होते. स्टँड हॉलमध्ये ठेवला नि निघालो. का हो वहिनी, माझी उलटतपासणी?"

"अप्पांच्या खोलीत गेलात?"

"'चार वर्षांचं काम चार दिवसांत छापून देतो' म्हणालो होतो ना मी, तेव्हापासून तो उंबरठा मला बंद आहे. दारातून पाहिलं. फडकं घातलेलं होतं."

"खारू?"

"टीव्हीपुढे. काका आला तरी मान वळली नाही. तुमची लेक आहे, शोभते."

"तुम्ही हातमोजे कुठले वापरता?"

"निळे. प्रिंटरच्या रेझिनपुढे बाकीचे टिकत नाहीत. आता हातमोज्यांचं काय मध्येच?"

"उद्या चार वाजता घरी या. एक नवी जोडी घेऊन या."

"वहिनी, तुमचा आवाज ऐकून मला तीन जोड्या आणाव्याशा वाटतायत."

संध्याकाळी मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर, अप्पांचे वीस वर्षांचे दोस्त. तेही आपल्या घरी कासवच करत होते. सगळं झालं होतं, पाठीवर फक्त पुठ्ठ्याची ढाल होती. "एकदा साचा काढू दे," म्हणून त्यांनी अप्पांकडे कितीदा तरी मागितलं होतं. "मी शोधली, तूही शोध," असं म्हणून अप्पा हसायचे. प्रदर्शनात कासवासाठी टेबल एकच होतं आणि ते अप्पांना मिळालं होतं.

तरीही मास्तर दर गुरुवारी यायचे. रंग लागला की त्यांच्या हातांना पुरळ उठायचं, म्हणून पिशवीत पातळ रबरी हातमोज्यांचा खोका कायम असायचा.

आज ते अप्पांच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. "जाऊ दे रे. पोरच ते."

तिनं चहा ठेवला. "मास्तर, काल तुम्ही कधी निघालात?"

"तीनला."

"अप्पा तर अडीचलाच झोपले."

"मी ब्रश धूत बसलो होतो. नेहमीचंच आहे माझं."

"तेव्हा ढाल धड होती?"

"ठणठणीत. फडकंही मीच घातलं, दारही मीच ओढून घेतलं." मास्तरांनी खिशातून एक रंगीत पेन्सिल काढली. "खारूताई, ये इकडे. रागावलेलं नाही बरं कोणी."

खारू पडद्याआड उभी होती. ती आली नाही. पेन्सिल टेबलावर तशीच पडून राहिली.

"उद्या चारला याल?" तिनं विचारलं. "ढाल जोडता येते का पाहू म्हणते. तुमच्यासारखा जाणकार हवा सोबत."

"येईन की, सूनबाई."

शनिवारी चार वाजता अप्पांच्या खोलीत चार माणसं दाटीवाटीनं बसली. अप्पा, मास्तर, दीर, नवरा. आणि दारात स्टुलावर खारू. ती खोलीच्या आत आली नव्हती. पाऊल टाकायचं नाही असं सांगितलेलं तिनं अक्षरशः पाळलं होतं.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर पुटीचे दोन डबे आणि शर्टाची तीन बटणं.

"जोडायची आहे ना ढाल?" अप्पा म्हणाले. "मग हा काय खेळ मांडलाय?"

"पाच मिनिटं, अप्पा. चार वर्षं दिलीत या टेबलाला, मला पाच मिनिटं द्या."

तिनं उघड्या हातांनी पुटी मळली आणि पहिल्या बटणावर दाबली. हात पुसले, दिरानं आणलेले निळे मोजे चढवले, दुसरा गोळा मळला, दुसऱ्या बटणावर दाबला. मोजे काढले.

"मास्तर, तुमची एक जोडी द्या."

मास्तरांनी पिशवीतून खोका काढून पुढे केला. पिवळट, पातळ मोजे. तिनं ते घालून तिसरा गोळा मळला, तिसऱ्या बटणावर दाबला आणि घड्याळाकडे पाहिलं.

नवऱ्यानं एकदा "अगं, पण..." म्हणून पाहिलं. तिनं त्याच्याकडे बघितल्यावर तो भिंतीवरचे फोटो पाहायला लागला.

पाच मिनिटं झाली. तिनं पहिला गोळा उचलला. घट्ट रबर. बटण टपकन बाहेर आलं, आत त्याचा साचा चार भोकांसकट स्पष्ट. दुसरा उचलला. तोही तसाच.

तिसरा उचलायला गेली तर तो उचलेचना. बोटांबरोबर लांबला, बटणाच्या भोकांत घुसून बसला, कागदाला चिकटला. च्युइंगमसारखा.

तिनं ढालीचा तुटका तुकडा त्याच्या शेजारी ठेवला. फिकट निळा लगदा, खाचांत रुतलेला.

अप्पांनी भिंग उचललं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं आणि हळूच मास्तरांकडे वळले.

"हे च्युइंगम नाही, अप्पा," ती म्हणाली. "ही तुमचीच पुटी आहे. कोणीतरी गुरुवारी तुमच्या ढालीचा साचा काढत होतं. ज्याला उद्योग करायचा होता त्याला पुटी कशी मळतात ते ठाऊक होतं, कारण तुम्हाला मळताना दर गुरुवारी पाहिलं होतं. एवढंच ठाऊक नव्हतं, की रबरी मोज्यांनी ती बसत नाही. तुम्ही मोजे घालतच नाही, त्यामुळे तुमची पुटी कधी फसली नाही नि तो विषयही निघाला नाही."

"मोजे कोणीही घालेल," मास्तर म्हणाले.

"भावजींचे निळे आहेत. त्यांनी मळली असती तर साचा झाला असता. शिवाय त्यांना साच्याची गरजच नाही, ते फोटोवरून छापतील. खारूच्या हाताला तर मोजेच बसत नाहीत, आणि उघड्या हातांनी मळली असती तर पुटी बसली असती. राहिलं कोण?"

"सूनबाई, जरा तोंड सांभाळून."

"सांभाळते आहे. नाहीतर कालच बोलले असते. अडीचला अप्पा झोपले. तुम्ही ढाल काढली, पुटी दाबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पुटी बसेना. अप्पा चारला उठणार. तुम्ही पुटी ओढली, सुरीनं खरवडली, आणि पस्तीस वर्षांचं जुनं प्लास्टिक ते, मोडलं. लगदा पिशवीत भरून नेलात. खाचांतला निघाला नाही."

"तर्क आहे हा सगळा."

"मग क्लिपचं सांगा. ती वरच्या डब्यात होती. त्या डब्याला दवाखाना म्हणतात आणि खारूची मोडकी चीज त्यात असते, हे अप्पांना, मला, खारूला माहीत. आणि दर गुरुवारी इथे बसणाऱ्याला. भावजी तर वर्षभर या खोलीत शिरलेले नाहीत. खारू पहिल्या मिनिटाला म्हणाली होती, क्लिप दवाखान्यात होती म्हणून. आपण ऐकलं नाही. मीसुद्धा."

मास्तरांनी हातमोज्यांचा खोका पिशवीत टाकला. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"वर्षभर मागत होतो मी," ते अप्पांना म्हणाले. "एक साचा. तुझं काय झिजलं असतं? हसायचास. दर वेळी हसायचास. मी मोडायला नव्हतो आलो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मोडलं ते हातून मोडलं. ते अप्पा बघून घेतील. पण स्टुलावर चढून डबा खाली काढलात, आणि त्यातून तिची क्लिप शोधलीत. ते हातून झालेलं नाही."

"लहान आहे ती. दोन दिवसांत विसरली असती."

आत्तापर्यंत तिचा आवाज ताब्यात होता. "दोन दिवस झाले, मास्तर. दोन दिवस ती बोललेली नाही. तुम्ही आयुष्यभर मुलांना शिकवलंत, आणि मूल विसरतं हेच शिकलात? उठा. चहा ठेवणार नाही मी."

मास्तर उठले. दारात खारू होती. तिनं स्टूल बाजूला घेतलं, त्यांना जायला वाट दिली आणि स्टूल परत होतं तिथेच ठेवलं.

जिन्यावरची पावलं थांबली. मग अप्पा पुटपुटले, "वीस वर्षांचा दोस्त."

"आणि सहा वर्षांची नात," ती म्हणाली. "दोस्ताला एक प्रश्न विचारला नाहीत, हिला उत्तर देऊ दिलं नाहीत. ढाल मी जोडून देईन. साचा काढीन, लॅबमध्ये नवी ओतून आणीन, उद्या सकाळपर्यंत. पण त्याआधी तुमचं एक काम बाकी आहे. आणि माझं एक. माझं मी काल करायला हवं होतं."

ती दारात गेली आणि मुलीसमोर कालच्यासारखीच उकिडवी बसली. "मी तिसऱ्यांदा विचारायला नको होतं. चुकलं माझं."

खारूनं विचार केला. "दुसऱ्यांदा पण नको होतं."

"दुसऱ्यांदा पण."

अप्पांना वाकायला वेळ लागायचा. टेबलाला, मग दाराच्या चौकटीला धरत ते खाली बसले. सगळ्या कारखान्याला धाकात ठेवलेला माणूस, नातीसमोर जमिनीवर. त्यांनी खिशातून क्लिप काढली. स्प्रिंग बसवलेली होती. केव्हा बसवली कोण जाणे.

"तू खोटं बोलतेस म्हणालो मी. तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं."

खारूनं क्लिप घेतली, उघडून पाहिली, मिटून पाहिली. केसांत लावली नाही.

"आत येऊ?" तिनं विचारलं.

"ये."

ती आत आली आणि कासवाला वळसा घालून उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्या कोऱ्या, सपाट बाजूला. अप्पा टेबलाच्या आधारानं उठले. त्यांनी बरणीतून अणकुचीदार पेन्सिल काढली, क्षणभर हातात फिरवली आणि तिच्या हातात दिली.

खारूनं जीभ बाहेर काढून एक चौकोन आखला. वाकडा, जरा मोठाच. मग थांबली. तीही अखेर अप्पांचीच नात.

"पण मुळात खिडकी होती का इथे?"

"नव्हती," अप्पा म्हणाले.

"मग?"

अप्पांनी कोपऱ्यातली हातकरवत उचलली आणि त्या वाकड्या चौकोनाकडे भिंगातून पाहिलं.

"मग मुळातच चुकलं त्यांचं."